कागदाआधी हळद तपासा

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
कळमनुरी नगरपरिषद, कळमनुरी, जि. हिंगोली

विषय : लहान व्यवसायांचे परवाने आणि नाहरकत दाखले सोपे करण्याबाबत



राज्यातल्या नगरपरिषदांवर बरीच वर्षं प्रशासक होते. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि आता गावोगाव लोकांनी निवडलेली माणसं पुन्हा सभागृहात बसली आहेत. नाल्या, रस्ते, पाणी यांची निवेदनं तुमच्या टेबलावर ढिगानं आली असतील. माझ्या निवेदनाला निधी लागत नाही, त्याचं टेंडर निघत नाही आणि त्यात नारळ फोडायची सोयही नाही. अशी कामं मागे पडतात, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. लोकांचे अर्ज भरणं, विवरणपत्रं करणं, कागद जुळवून देणं हा माझा धंदा आहे. परवान्याची वाट जितकी वाकडी, तितकं माझं बरं चालतं. इथे जे मागतो आहे ते मिळालं, तर नुकसान होणाऱ्यांत पहिला मीच असेन.

आता गावातली एक बाई डोळ्यांपुढे आणा. बचत गटात आहे. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हळद-मिरची कांडपाचा डंका टाकायचा तिच्या मनात आहे. आपल्या जिल्ह्यात हे सुचायला काही विशेष डोकं लागत नाही. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात, शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि कळमनुरी तालुक्यातही उन्हाळ्याच्या तोंडावर शिवारात हळद शिजवण्याचा वास पसरतो. पण ही हळद बहुतेक कांडीच्या रूपातच बाहेर जाते. दळणाचे, पुडीचे आणि नावाचे पैसे दुसऱ्या गावांना मिळतात. त्यातले थोडे इथे राहावेत एवढंच त्या बाईला वाटतं.

तिला काय काय लागतं ते बघा. दुकान-आस्थापनेची नोंद, अन्न सुरक्षेची नोंदणी आणि उद्यम नोंदणी. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा, तोही इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर दरवर्षी. पुडीवर आपलं नाव छापून विकायची, तर पॅकबंद वस्तूंच्या नियमाखाली वेगळी नोंदणी आणि पुडीवर निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर. थ्री-फेज वीज हवी, तर महावितरणकडे जागेचा पुरावा. आणि या सगळ्यांच्या आधी किंवा नंतर (कोण विचारतो त्यावर ते ठरतं) नगरपरिषदेचा नाहरकत दाखला. त्यासाठी घरपट्टी-पाणीपट्टीची बेबाकी. घर अजून सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला, फेरफार झालेला नाही. गाडी अडते ती इथेच. डंका, वीज, हळद यांतल्या कशानंच ती अडलेली नसते.

यातलं प्रत्येक कलम वेगळं काढून पाहिलं तर रास्त आहे. काटा खरा हवाच, पुडीवर वजन हवंच. त्रास होतो तो सगळे मिळून एका माणसाच्या मागे लागतात तेव्हा. एकही कार्यालय दुसऱ्याचा कागद पाहून समाधान मानत नाही आणि जिल्ह्याचं ठिकाण वीसेक किलोमीटरवर. एका खेपेला बाईचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात.

यात कायदे बदलले नाहीत असं मी म्हणणार नाही. कायदे बदलले, आणि बरेच चांगले बदलले. 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम गेला. त्याच्या जागी आलेला 2017 चा महाराष्ट्राचा कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणीची गरजच नाही, व्यवसाय सुरू केल्यापासून 60 दिवसांत नुसतं ऑनलाइन कळवायचं, असं त्याने सांगितलं. पुढे 2025 साली ही मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. अन्न सुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी दिली, वर्षाला 100 रुपयांत. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून फुकट आहे आणि आधारवर, स्वतःच्या सांगण्यावर होते. (तिच्यासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं काढून लोकांकडून पैसे उकळणारे आहेत, तो भाग निराळा.) जनविश्वास कायद्याने 2023 साली 42 केंद्रीय कायद्यांतल्या 183 तरतुदींमधली फौजदारी धार बोथट केली.

आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या अर्ज भरणाऱ्यांतल्याही निम्म्यांना ठाऊक नसतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्याने जुलै 2004 मध्येच माफ केलं आहे. आणि 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतःच सही केलेली प्रत चालेल असं ठरवलं. तरीही राज्यातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात जाऊन बघा. मुद्रांक विक्रेत्यापुढे रांग असते आणि त्या रांगेत असा माणूस हमखास सापडतो, ज्याला त्या कागदाची गरजच नाही. त्याला कुणीतरी "बाँडवर करून आण" एवढंच सांगितलेलं असतं. ऑक्टोबर 2024 पासून बऱ्याच दस्तांना 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागू झाल्यावर तर हे अज्ञान पाचपट महाग झालं आहे.

म्हणजे सुधारणा मंत्रालयातून निघते आणि तालुक्याच्या टेबलापर्यंत पोहोचता पोहोचता कुठेतरी बसते. आपल्या कार्यालयावर हा आरोप नाही. राज्यातल्या कुठल्याही लहान गावाची ही गत आहे. पण दुरुस्ती करायची तर ती टेबलावरच करावी लागेल आणि टेबल तुमच्या ताब्यात आहे.

मोठ्यांसाठी ही दुरुस्ती झालेली आहे. 24 जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाने 18 उद्योग सोडून बाकीच्यांना केंद्राच्या परवान्यातून मोकळं केलं. महाराष्ट्रात कारखाना टाकणाऱ्या गुंतवणूकदारासाठी 'मैत्री' नावाची एक खिडकी आहे आणि 2023 साली तिला कायद्याचं बळही दिलं गेलं. जागतिक बँकेच्या 'व्यवसाय सुलभता' यादीत भारत 2014 च्या सुमारास 142 वा होता, 2019 मध्ये 63 वा झाला आणि त्याचे फलक लागले. ती यादी भारतापुरती दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांवर काढलेली होती. पुढे आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. आकडे खरे असोत की खोटे, कळमनुरीचा डंका त्यांत कधीच मोजला गेला नव्हता.

लहान धंद्याची वाट एकदा खरीखुरी चालून पाहिली होती पेरू देशात. 1983 साली अर्थतज्ज्ञ हर्नांडो द सोटो यांच्या संस्थेच्या लोकांनी लिमा शहराच्या कडेला एका कामगाराची शिवणकामाची छोटी कार्यशाळा कायदेशीरपणे नोंदवायचं ठरवलं. ओळख लावायची नाही, अगदीच अडलं तरच पैसे द्यायचे, अशी अट होती. 289 दिवस लागले. खर्च किमान मासिक वेतनाच्या तीसेक पट झाला. दहा वेळा लाच मागितली गेली आणि दोनदा ती दिल्याशिवाय पुढे जाताच आलं नाही. द सोटोंचा निष्कर्ष असा की गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो तो बेशिस्त असतो म्हणून नाही. आत यायचा खर्च त्याला परवडत नाही.

आपल्याकडे हेच बोलणारा माणूस होऊन गेला. शेतकरी संघटनेचं अधिवेशन 1984 साली परभणीला झालं, तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो. परवाना-परमिटच्या राज्याविरुद्ध संघटनेचे नेते शरद जोशी जे बोलत, ते ऐकलेली माणसं या तालुक्यात अजून आहेत. त्यांचं निदान मला पटतं. पण सरकारने हात काढून घेतला की सगळं जागेवर येईल, इतका माझा विश्वास नाही. त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण बँकेचं. माझ्याकडे येणारा शंभरातला फार तर एखादा माणूस कायद्याच्या धाकानं येतो. बाकीचे येतात ते बँकेनं कागद मागितला म्हणून. चालू खातं उघडायचं, मुद्राचं कर्ज काढायचं, पीएम स्वनिधीचा हप्ता घ्यायचा, की व्यवसायाचा पुरावा लागतो. शाखाधिकारी चांगला असला तरी त्याचाही नाइलाज असतो. त्याला फाइलमध्ये शिक्का असलेला काहीतरी कागद लावायचा असतो. म्हणून 'परवाना रद्द' अशी घोषणा झाली की वर्तमानपत्रं खूश होतात आणि टपरीवाला पेचात पडतो. कालपर्यंत कष्टानं का होईना एक कागद मिळायचा, आता तोही कुणी देत नाही आणि बँक तर मागतेच आहे. दुकान कायद्यात नोंदणीऐवजी 'कळवणं' आलं तेव्हा असं घडलेलं मी पाहिलं. कळवल्याची पावती समोर ठेवली तर "हे लायसन नाही" म्हणून परत पाठवलेले लोक माझ्याकडे येऊन बसले आहेत.

तेव्हा लहान माणसाला कागद हवा आहे. तो त्याला त्याच दिवशी, त्याच खिडकीवर आणि ठरल्या शुल्कात मिळावा. 'अमुक व्यक्ती, अमुक जागी, अमुक व्यवसाय करते, याची नोंद या कार्यालयात आज घेतली' असं एक पान, त्यावर क्रमांक आणि शिक्का. जागेच्या मालकीचा निवाडा त्या पानावर नको. ते पान मालकीचा पुरावा ठरणार नाही असं खाली छापून टाका, म्हणजे सासऱ्याच्या फेरफाराची भानगड फेरफाराच्याच टेबलावर राहील. घरपट्टीच्या थकबाकीसाठी व्यवसाय अडवून धरायचा मोह मला समजतो, नगरपरिषदेलाही पैसा लागतो. पण ज्याचा धंदा सुरू होऊ दिला नाही, तो घरपट्टी भरणार कुठून?

दुसरं कारण हळदीचं.

बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी रंग, चोळत असत. ढाक्याची संशोधन संस्था आयसीडीडीआरबी आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2019 साली हे पुढे आणलं. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि त्याची वाट स्वयंपाकघरातल्या हळदीपर्यंत जात होती. तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मग नवा दाखला काढला नाही. बाजारात नोटिसा लावल्या, वर्तमानपत्रांतून लोकांना सावध केलं आणि ढाक्यातल्या शामबाजार या घाऊक पेठेत हातात धरायचं तपासणी यंत्र घेऊन फिरतं न्यायालय नेलं. भेसळीची हळद पकडली, व्यापाऱ्यांना तिथल्या तिथे दंड केला आणि ती बातमी सगळीकडे जाऊ दिली. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, 2021 मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षांत.

यात कुणी कुणाची घरपट्टीची पावती पाहिली नाही. सरकार होतं, चांगलं कडक होतं, पण ते पोत्यापाशी उभं होतं. आपल्याकडे अन्न तपासणारी माणसं आधीच मोजकी. त्यांचा दिवस अर्जाला जोडलेल्या कागदांवर टिकमार्क करण्यात गेला, तर हळदीत बोट कोण घालणार? हळदीच्या जिल्ह्यानं हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं. मानांकन मिळालेल्या मालात उद्या कुणी रंग मिसळला, तर नाव सगळ्यांचंच जाईल, आणि त्या रंग मिसळणाऱ्याच्या भिंतीवर सगळे दाखले चौकटीत घालून टांगलेले असतील.

म्हणून व्यवसायांची वाटणी करा. याचा नमुना तयार आहे. मार्च 2016 मध्ये प्रकाश जावडेकर केंद्रीय पर्यावरणमंत्री असताना प्रदूषणाच्या भारानुसार उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे गट केले गेले. तेव्हा पांढऱ्या गटात ठेवलेल्या 36 प्रकारच्या उद्योगांना संमतीपत्र लागणार नाही, कळवलं की झालं, असं ठरलं. गावापुरती अशीच यादी सभागृहाला करता येईल. शिवणयंत्र, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, किराणा, स्टेशनरी, सायकलचं दुकान, केशकर्तनालय, फुलांचा गाडा यांनी नुसतं कळवावं आणि पान घेऊन जावं. डंका, गिरणी, खानावळ, वेल्डिंग यांनाही पान त्याच दिवशी द्यावं. पंधरा दिवसांत एकदा माणूस जाऊन जागा पाहील: पट्ट्याला जाळी आहे का, धुरांडं शेजाऱ्याच्या खिडकीत सोडलं आहे का, रात्री किती वाजेपर्यंत आवाज. पाहणी झालीच नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. फटाके, गॅसच्या टाक्या, मांसविक्री, रसायनं यांचं मात्र आधी बघा, मग परवानगी द्या, आणि तिथे कडकपणा आजच्याहून वाढला तरी माझी तक्रार नाही. डंक्याशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्यालाही या गावात झोपेचा हक्क आहे.

गाडेवाल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे नवं काही ठरवायचंच नाही. पथविक्रेता अधिनियम 2014 पासून आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावं, ते होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत कुणाला उठवू नये आणि उठवायचंच तर 30 दिवसांची नोटीस द्यावी. उचललेला माल नाशवंत असेल तर मागितल्या दिवशीच परत करावा. एवढं वाचून दाखवलं की लोक म्हणतात, हे कुठल्या देशातलं? तहबाजारीबद्दल, म्हणजे बाजारात बसायच्या शुल्काबद्दल, एकच मागणी आहे. वसुली ठेकेदाराकडे असो वा कर्मचाऱ्याकडे, दराचा फलक आठवडी बाजारात चार ठिकाणी ठळक अक्षरांत लागावा आणि पावतीवर तोच आकडा असावा. कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीला फलक वाचता आला नाही तरी शेजारचा कांदेवाला वाचून सांगेल.

राज्याचा लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. कोणती सेवा किती दिवसांत, कोणता अधिकारी देईल आणि नाही दिली तर अपील कुणाकडे, हे प्रत्येक कार्यालयानं फलकावर लावायचं असतं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. दंडावर माझा फारसा भर नाही. कर्मचारी थोडे असतात, एकाकडे तीन टेबलं असतात आणि जन्म-मृत्यूपासून निवडणुकीच्या यादीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. पण त्या फलकाखाली आणखी एक ओळ घाला: 'यापेक्षा जास्त कागद मागता येणार नाहीत.' ही ओळ एकदा भिंतीवर आली की कर्मचाऱ्याचंही काम हलकं होतं, कारण जादा कागद मागायचा दबाव त्याच्यावरही कुठून ना कुठून येतच असतो.

बाकीची खाती तुमच्या हाताखाली नाहीत हे मला कळतं. अन्न व औषध प्रशासन, वैधमापन, महावितरण, कामगार कार्यालय यांना तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, पण बोलावू शकता. महिन्यातून एक दिवस, तोही आठवडी बाजाराचा, नगरपरिषदेच्या सभागृहात सगळ्यांची टेबलं शेजारी शेजारी लावा. आखाडा बाळापूर, डोंगरकडा, वारंग्याकडचा माणूस त्या दिवशी तसाही कळमनुरीत बाजाराला येतो. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनाही बोलवा आणि तुमचं ते एक पान त्यांना आधी दाखवून घ्या, म्हणजे नंतर "हे लायसन नाही" असं म्हणायला जागा राहणार नाही. लोकांनी हिंगोलीला जाण्यापेक्षा चार अधिकाऱ्यांनी कळमनुरीला येणं केव्हाही स्वस्त पडेल.

तेव्हा विनंती अशी की येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टींचा एकच ठराव घ्यावा. व्यवसायांची तीन गटांतली यादी, त्याच दिवशी द्यायच्या नोंदीच्या पानाचा नमुना आणि पथविक्रेता समितीच्या सर्वेक्षणाची तारीख. यादी अंतिम करण्याआधी महिनाभर सूचना फलकावर लावून हरकती मागवाव्यात. गिरणीवाल्यांना, हॉटेलवाल्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही बोलू द्यावं. पानाचा मसुदा मी तयार केला आहे. तो एका बाजूला, मोठ्या टायपात आणि मराठीत आहे. आवक-जावक विभागात या पत्रासोबत त्याच्या दोन प्रती देतो आहे. एकीवर पोच द्यावी.

आपला नम्र,
कळमनुरीचा एक रहिवासी आणि अर्ज भरून देणारा